शिफारसपत्र

चौथ्या प्रश्नापाशी मी अडलो होतो.
या विद्यार्थिनीचं नाव घेताच मनात येणारे पहिले शब्द?
चौकट एवढीशी, उत्तरपत्रिकेवर गुणांना असते तेवढी.
वाळपईच्या उच्च माध्यमिकात
एकवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय.
शिफारस म्हणजे आमदाराचं पत्र,
एवढंच आजवर ठाऊक.

रुचिता माजिक, बारावी ब.
पहिल्या बाकावर नाही, शेवटच्याही नाही,
खिडकीजवळ नाही, कारण तिथून फळा चकाकतो.
अकरावीच्या एप्रिलात
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून
ती हुर्राक घेऊन आली प्रयोगशाळेत.
मी आधी दार लोटलं, मग ओरडलो.
बाप नुसता फेस बघून सांगतो किती ग्राव,
तिला बघायचं होतं, तो किती चुकतो.

सतरा नमुने.
अर्ध्या ग्रावापेक्षा जास्त कधीच नाही.
सतराव्यानंतर तिनं घनतामापक उजेडात धरला,
"सर, मग चुकतंय ते हे तर नाही?"

आता हे पत्रात लिहायचं कसं?
शाळेत दारू, शिक्षकाच्या संमतीने.
लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

ते कॉलेज म्हणे
पहिली दोन वर्षं विचारतच नाही, काय व्हायचंय.
खगोलशास्त्राच्या तासाहून उठून
मातीकामाला गेलं तरी चालतं.
आम्ही दहावीच्या निकालादिवशीच विचारतो,
पेढा अजून तोंडात असतो पोराच्या.

पैशांचा फॉर्म तिनं माझ्याच टेबलावर भरला.
वडिलांच्या मालकाचं नाव? नाही.
मासिक उत्पन्न? मार्च ते मे.
उरलेले नऊ महिने
त्या फॉर्मला ऐकूच येईनात.
घर स्वतःचं की भाड्याचं?
घर आजोबांनी बांधलं, वीजबिल वडिलांच्या नावे,
जमीन कागदावर भलत्याच कुणाची.
मोकासो म्हणजे काय, ते तिनं
वेगळ्या पानावर समजावलं, दोनशे शब्दांत.
साडेसहाशे शब्दांचा निबंध वेगळा होता,
चांगला होता, नदीवर होता,
पण मला विचाराल तर खरा निबंध हाच.

शेवटी रकाने:
चांगली. खूप चांगली. उत्कृष्ट.
माझ्या कारकिर्दीतील मोजक्यांपैकी एक.
तेव्हा उदेश झरमेकर आठवला,
खूप जुनी बॅच. तोंडी समीकरणं सोडवायचा.
आता खाणीच्या काट्यावर ट्रक तोलतो.
दिसला की हॉर्न वाजवणाऱ्यांना थांबवून
मला आधी रस्ता देतो.
त्याच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.
मीही कुणाला सांगितलं नव्हतं.
शेवटच्या रकान्यावर खूण केली,
आणि बराच वेळ पाठवायचं बटण दाबलं नाही.

निकाल मार्चअखेर, पहाटे साडेचारला.
तिथे आदली संध्याकाळ असते.
रेंज भट्टीमागच्या चढावर येते,
म्हणून आम्ही तिघं चढावर, टॉर्च घेऊन,
अंगाला बोंडूंचा आंबूस वास.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
मग फोन माझ्या हातात दिला,
जसा विद्यार्थी न समजलेला प्रश्न देतो.
प्रतीक्षायादी.

"वेटिंग म्हणजे रेल्वेसारखं, सर?"
बापानं विचारलं.
तसंच काहीसं.
"कितवा नंबर?"
नंबर सांगत नाहीत.
तो जरा थांबला.
"मग थिवीला आम्ही टीसीला भेटतो तसं
तिथे कुणाला भेटता येतं का?"
ती हसली. मला वाटलं हसली,
टॉर्च खाली होता.

उतरलो तर धार लागली होती.
त्यानं पेल्यात थोडी धरली, हलवली,
फेसाकडे बघितलं.
"पंधरा," म्हणाला.
घनतामापक तिच्या दप्तरात होता,
दप्तर तिथेच खुंटीला.
तिनं उठून काढला नाही.
लाकडं तेवढी आत सारली,
आणि मला विचारलं,
"सर, आज तास आहे ना पहिला?"